गालमास्तरांचा बधिर गाल

दाढीच्या सामानाच्या त्या दुकानात गालमास्तर एकोणचाळीस वर्षं नोकरीला होते, आणि त्यातली निदान सदतीस त्यांनी उजव्या गालाने केली.

हे जरा समजावून सांगायला हवं. दाढीचा ब्रश डोळ्यांनी निवडायचा नसतो. डोळ्यांना चकचकीत मूठ दिसते, आणि माणूस तिथेच फसतो. खरी मेख असते केसांच्या टोकांत. जनावराच्या केसाचं टोक मुळातच निमुळतं असतं. ते जपून गुच्छ बांधला, तर ब्रश गालावरून मांजरीसारखा फिरतो. आळशी कारागीर मात्र गुच्छ कसाही बांधतो आणि वरून कात्रीने गोल छाटतो. दिसायला दोघे जुळे भाऊ. पण छाटलेला ब्रश फेस करता करता गालावर अशी नांगरट करतो, की वस्तऱ्याला काही कामच उरू नये.

म्हणून मास्तर प्रत्येक ब्रश कोरडाच उजव्या गालाला लावत. डोळे मिटत. तीन फेरे फिरवत आणि मग दाबून सोडत. केस चटकन उभे राहिले, तर "कणा आहे" म्हणत. नाही राहिले, तर "बसला" म्हणून तो बाजूला. हे इतक्या गांभीर्याने चाले, की रस्त्यावरची माणसं काचेबाहेर थांबून बघत. कोपऱ्यावरच्या नाटकगृहातली मंडळी मास्तरांची खास गिऱ्हाइकं. दिवसातून दोनदा दाढी, वर डिंकाने चिकटवलेल्या मिशा. त्यांचे गाल म्हणजे सोललेली फळं. तीस वर्षं खलनायक रंगवणारा एक नट तर दुकानाच्या दारातच, शेवटच्या पडद्याला वाकावं तसा मास्तरांपुढे वाकायचा. मास्तर मान तुकवून ते स्वीकारायचे. हक्काचंच होतं.

पुढे थोरले मालक गेले आणि त्यांची मुलगी गल्ल्यावर बसली. मास्तरांनी तिला फ्रॉकात पाहिलेली.

"काका, ब्रशांच्या कपाटात अख्खी भिंत अडकलीय," ती एकदा म्हणाली. "लोक आता डब्यातला फेस फुसकन मारतात आणि कामाला लागतात."

"लोकांचं काय, लोक काहीही करतात, चिमणे."

"ही एक खेप घेऊ. माल चांगला निघाला तर कपाट राहील. एका जरी गिऱ्हाइकाने ओरखडलेला गाल आणून दाखवला, तर तिथे डबे लागतील. मग रागवायचं नाही."

मास्तर रागावले नाहीत. फक्त त्या दिवशी ते जेवले नाहीत. पण त्याला दाढदुखीही कारण होती.

"आठवडाभर कण्हताय," बायको म्हणाली. "साऱ्या गावाचे ब्रश गालाला लावता, आता तो गाल एकदा डॉक्टरला दाखवा."

माल यायच्या दिवशीच सकाळी मास्तर दातांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी उजवीकडे सुई टोचली, दाढ काढली आणि बजावलं, "दोन-तीन तास तुम्हाला काही कळणार नाही." मास्तरांना वाटलं, हे दाढेबद्दल चाललंय.

दुकानात पुरवठादार दोनशे ब्रश घेऊन हजर होता. मास्तरांनी पहिला ब्रश गालाला लावला. काही टोचलं नाही. दुसरा लावला, तोही नाही. दहाव्या ब्रशला त्यांचे डोळे भरून आले. तोंडात कापसाचा बोळा असल्यामुळे बोलता येत नव्हतं. ते नुसती मान डोलवत राहिले. दरवेळी निम्मा माल परत नेणारा पुरवठादार आधी चकित झाला, मग साशंक झाला आणि शेवटी चहासुद्धा न घेता निघून गेला.

दुपारी गाल हळूहळू जागा झाला. मास्तरांनी नव्या मालातला एक ब्रश लाडाने उचलला, गालाला लावला आणि ते स्टुलावर बसले. तो ब्रश नव्हता, पायपुसणं होतं.

गप्प बसता आलं असतं. पुरवठादाराने माल बदलला म्हणता आलं असतं. मास्तरांनी आरशात पाहिलं. तोंडाची एक बाजू अजून लोंबत होती. तसेच उठून ते गल्ल्यापाशी गेले.

"मालकीणबाई," ते म्हणाले. एकोणचाळीस वर्षांत ही हाक पहिलीच. "चूक झाली. सकाळी माझा गाल शुद्धीवर नव्हता."

ती हसली असती तर बरं झालं असतं.

"सगळे दोनशे खराब आहेत?"

"ते कळायला पुन्हा बघावे लागतील."

मास्तर पुन्हा बसले. पण आता गाल सुजला होता. पहिला टोचला, दुसराही टोचला. चाळिसाव्या ब्रशपर्यंत सगळेच टोचले. सकाळी सगळे देवदूत होते, दुपारी सगळे राक्षस. डाव्या गालाला त्यांनी आयुष्यात कधी विश्वासात घेतलं नव्हतं, आणि आज तो त्याचा वचपा काढत होता. त्याला काहीच ठरवता येईना.

"संपलं," मास्तर म्हणाले. "लाव डबे."

तिने गल्ल्याला कुलूप घातलं, दुसरं स्टूल ओढलं आणि एक ब्रश उचलून स्वतःच्या गालावर फिरवला.

"हा टोचतो. हा नाही. हा..." तिने दाबून सोडला. "टोचत नाही, पण बसला."

"कुठे बसला? आण इकडे."

मास्तरांनी तो बोटांनी दाबला. केस आडवेच राहिले. बसलाच होता. मास्तरांनी खोटंच खाकरून तो बाजूला ठेवला.

दुकान बंद व्हायच्या वेळेपर्यंत सगळे तपासून झाले, आणि दोनशेपैकी चौसष्ट ब्रश पास झाले. उरलेल्यांसाठी तिने पुरवठादाराला फोन लावला. त्याने बराच आवाज चढवला.

"हो, मास्तरांनी पास केलेत," ती शांतपणे म्हणाली. "मालकिणीने नाही केले. उद्या घेऊन जा."

मग मास्तरांकडे न बघता म्हणाली, "कपाट राहू दे, काका. पण यापुढे निवड दोघांनी करायची."

पुढच्या खेपेला पुरवठादार आत आला तेव्हा काउंटरमागे शेजारी शेजारी दोन स्टुलं होती. मास्तर आणि मालकीणबाई यांनी एकेक ब्रश गालाला लावला आणि दोघांनी एकदमच डोळे मिटले. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग कोणी काही म्हणायच्या आत अर्धी खोकी उचलली आणि गुपचूप परत गाडीत नेऊन ठेवली.