छतावरची हाक

देऊळघाटातल्या निम्म्या घरांवरच्या डिश अकीलभाईंनी बसवल्या. उपग्रह पृथ्वीच्याच चालीनं फिरतो, म्हणून आभाळात एका जागी उभा दिसतो. डिश नेमकी त्याच्याकडे रोखावी लागते. हे एकट्याचं काम नाही. एकानं छतावर डिश फिरवायची, दुसऱ्यानं टीव्हीसमोर बसून चित्र आलं की ओरडायचं.

अकीलभाईंच्या घरी ओरडायचं काम भाभींचं. बोंडअळीनं बीटी कपाशी खाल्ली त्या वर्षी मुलगा अकरम सुरतेला गेला. नातू झाल्यावर भाभीही गेल्या.

परवा वाऱ्यानं त्यांचीच डिश हलली. मी शेजारून विचारलं, "येऊ काय?"

"काऊन? जमते मले." हट्टी माणूस.

छतावरून हाक आली, "अकरम की अम्मा, आया क्या?"

सवयीनं निघाली असेल. ते खाली उतरले, टीव्ही पाहिला, पुन्हा वर चढले आणि पुन्हा तीच हाक दिली.