थर्मामीटरचा हात

क्लबातल्या मालिशवाल्याला सगळे खेळाडू ‘थर्मामीटर’ म्हणत. मैदानामागच्या खोलीत दोन टब होते, एक बर्फाच्या पाण्याचा, एक गरम. खेळून आखडलेले पाय एक मिनिट गारात, तीन मिनिटं गरमात, असे चार फेरे. गरम पाणी तो हात घालूनच ठरवी. मॅनेजरने खराखुरा थर्मामीटर आणला तेव्हा याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तीस वर्षं पाण्यात मुरलेल्या हाताला काचेची नळी काय शिकवणार! नळी कपाटात गेली.

मग हिवाळ्यात बोटं बधिर झाली. घरी तापलेलं भांडं त्याने नुसत्या हाताने उचललं आणि शांतपणे ओट्यावर ठेवलं. बायको बघतच राहिली.

"डॉक्टरांना दाखवा."

"आणि क्लबात काय सांगू? थर्मामीटर बिघडला?"

नोकरी जाईल या भीतीने त्याची पाचावर धारण बसली होती. खेळाडू यायच्या आधी तो तीच नळी चोरून पाण्यात बुडवायचा आणि वेळ मारून न्यायचा. पाच महिने निभावलं.

त्या दुपारी गोलकीपर लवकर आला. त्याची दुखावलेली पोटरी यानेच तीन महिने खपून बरी केली होती, आणि रविवारी अंतिम सामना होता. तो बर्फात उतरला. त्याच्यादेखत कपाट उघडायची याला लाज वाटली. गरम पाण्यावर वाफ दिसेना, म्हणून गिझरच्या कढत पाण्याची आणखी एक बादली ओतली. उकाड्यात वाफ दिसत नाही, हे एरवी तोच सगळ्यांना सांगायचा.

"काका, बरोबर आहे ना?"

त्याने मनगटापर्यंत हात बुडवला. "एकदम बरोबर. ये."

बर्फातून निघालेल्या पायांना लगेच काही कळत नाही, म्हणून तर त्याच्या हाताचा भरवसा. गोलकीपर गुडघाभर पाण्यात उभा राहिला, रविवारच्या सामन्याबद्दल काहीतरी बोलू लागला, आणि मग किंचाळला.

दवाखान्यात त्याच्या दोन्ही पायांना पट्ट्या होत्या. सामना गेलाच होता, पुढचं डॉक्टर काही सांगत नव्हते. मालिशवाला उजवा हात खिशात घालून उशाशी उभा होता.

"काका, मनाला लावून घेऊ नका," गोलकीपर म्हणाला. "तुम्ही हात घालून बघितलं होतं, असं मी मॅनेजरना सांगितलंय. गिझरच बिघडला असणार."

सुटला होता तो. नुसतं गप्प राहायचं होतं. तेवढं त्याला जमलं नाही. त्याने हात बाहेर काढला. मनगटापर्यंत फोड फुटून कातडी सुटली होती.

"तुझ्याआधी हा भाजला," तो म्हणाला. "मला कळलंच नाही. पाच महिने झाले, मला काही कळत नाही."

गोलकीपर त्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.