खुर्च्या माझ्या, पेशंट तिचे

आमच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत ज्या चकचकीत स्टीलच्या खुर्च्या होत्या, त्या माझ्या डोक्यातून आल्या होत्या. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं श्रेयाची वाटणी झाली तेव्हा मला कुणी ताटावर बोलावलं नाही.

दिवस दुष्काळाचे होते. शहर मात्र दावं तोडलेल्या बैलासारखं शेंद्र्याच्या कारखान्यांच्या दिशेनं सुटलं होतं. वैजापूर-फुलंब्रीकडची माणसं शेताला कुलूप लावता येत नाही म्हणून त्याला नुसते हात जोडून बांधकामावर येत होती. ऊन असं, की कावळेसुद्धा हात दाखवून रिक्षा थांबवायचे. कोणी टँकरवरून पडलेलं, कोणी भोवळ येऊन विटांवर कोसळलेलं, सगळा मराठवाडा आमच्या दारात. मी तिथला सीनियर ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स. माझा आवाज त्या वेळी प्रसिद्ध होता. मी दारातून पेशंटला हाक मारली की शेंद्र्यातले कामगार जेवणाची सुट्टी झाली समजून डबे उघडायचे.

अशात पुण्याहून एक बाई आम्हाला समान वागणूक शिकवायला आल्या. जात, धर्म, भाषा, बाई-पुरुष, गरीब-श्रीमंत, कुणालाही वेगळं वागवायचं नाही, असा विषय. त्यांनी विचारलं, तुमच्याकडं कुणाला कमी लेखलं जातं का? सगळे चहाच्या कपात बघायला लागले. मी उठलो. म्हणालो, बाई, शहरातली माणसं बाकावर बसतात आणि खेड्यातली खाली फरशीवर. भरपूर खुर्च्या आणा, एकालाही खाली बसू देऊ नका, समता आपोआप येईल. टाळ्या पडल्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या महिन्यात शहरात दुसरीकडं कुठंही पाणी आलेलं नव्हतं, हे लक्षात घ्या.

खुर्च्या आल्या. मी एकेकाला उचलून वर बसवायला लागलो. 'वर बसा, इथं सगळे सारखे.' एका म्हातारीला मी बसवायचो आणि माझी पाठ वळली की ती खाली उतरायची. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघंही दमलो, पण समतेचं काम सोपं नसतं.

हे सगळं मी फुकट करत नव्हतो. हॉस्पिटलची नवी इमारत उठत होती, तिच्यात मोठी कॅज्युअल्टी होणार होती, आणि तिथं इनचार्ज कोण हे विभागाच्या डॉक्टर मॅडम ठरवणार होत्या. माझ्या मनानं ते ठरवूनही टाकलं होतं. टेबल कुठं ठेवायचं, पंखा कुठल्या कोपऱ्यातून घ्यायचा, बायकोला पहिल्या दिवशी तिथं कधी आणायचं, सगळं.

तेवढ्यात ती सिस्टर आली. शहागंजकडची, घरात दखनी उर्दू बोलणारी, वयानं माझ्या निम्मी आणि तोंडानं दुप्पट. पहिल्याच दिवशी तिनं बीपीचं मशीन उचललं आणि माझ्या दोन खुर्च्यांच्या मधोमध फरशीवर मांडी घालून बसली. भोवती खाली बसलेल्या चार बाया लगेच तिच्याकडं सरकल्या.

मी म्हणालो, सिस्टर, खुर्च्या दिल्यात हॉस्पिटलनं.

"हौ ब्रदर, अच्छ्या हैं कुर्स्यां," ती पट्टा गुंडाळता गुंडाळता म्हणाली. "बैठनेवाले किधर हैं?"

मग सुरू झालं. माणसं दारात येऊन विचारायला लागली, ती खाली बसणारी सिस्टर कुठंय? तांड्यावरच्या बाया तिच्याशी त्यांच्या बोलीत बोलायच्या. तिला चार शब्द यायचे, तेवढ्यावर ती त्यांच्या सासरचा इतिहास काढून घ्यायची. बुरखेवाल्या आज्या तिला बेटा म्हणायच्या, फेटेवाले आजोबा ताई म्हणायचे. मला कोण काय म्हणायचं? 'ओ ब्रदर, जरा सरका, त्या ताई दिसत नाईत.' माझ्या पोटात असं दुखायचं की वाटायचं आपणच एक केसपेपर काढावा.

शेवटी एके दिवशी मीही खाली बसलो. बसलो ते झोकात. उठताना मात्र गुडघ्यांनी संप केला. दोन वॉर्डबॉय, एक पेशंटचा मेहुणा आणि स्ट्रेचर एवढ्यांनी मिळून मला वर काढलं. विहिरीतून म्हैस काढताना गावात एवढी गर्दी होत नाही. डॉक्टर मॅडम नेमक्या त्याच वेळी राउंडला आल्या. हसल्या नाहीत, त्याचं मला जास्त लागलं.

मे महिन्यातली एक दुपार. फुलंब्रीकडचा एक म्हातारा घाईघाईनं आत आला. धोतर, टोपी, घामानं निथळलेला, धाप लागलेली, हात छातीवर. आणि काय सांगू, न सांगता खुर्चीवर बसला. मला भरून आलं. आपल्या भागातला माणूस, आपली खुर्ची, आपलं सार्थक झालं. त्याच्याबरोबर आलेली सून खुर्चीच्या पायाशी भिंतीला टेकून बसली, पदर हनुवटीपर्यंत ओढून. सोबतीला आलीय, म्हटलं.

मी म्हाताऱ्याच्या दंडाला पट्टा बांधला. बीपी वाढलेलं. वाढलेलं म्हणजे पारा नळीतून बाहेर उडी मारतो की काय असं. मी त्याला पलंगावर घेतलं, छातीला वायरी लावल्या, ईसीजीची पट्टी काढली, आणि काय काय होतंय ते विचारलं. त्यानं गुडघ्यापासून सुरुवात केली. मग पोटातला वात, मग टँकर येत नाही म्हणून उडालेली झोप, मग धाकट्या भावानं बांध कोरल्यापासून उठणारी कळ. असा सविस्तर बोलणारा पेशंट भाग्यानं मिळतो.

इकडं सिस्टर त्या सुनेजवळ जाऊन बसली होती. सुनेनं आपला पदर थोडा पुढं केला, सिस्टरनं त्याखाली डोकं घातलं, आणि एका पदराखाली दोन डोकी काहीतरी कुजबुजायला लागली. मी मनात म्हटलं, झालं, पापडाची कृती चाललीय.

दोन मिनिटांत सिस्टर बाहेर आली ती वेगळ्याच आवाजात. "मॅडम, हिची पाळी चुकलीय, सकाळपासून पोटात दुखतंय, दोनदा चक्कर आली. नाडी दोऱ्यासारखी लागतेय." पदर बाजूला झाला तेव्हा दिसलं, बाईचे ओठ चुन्यासारखे पांढरे होते. गर्भ नळीत राहून फुटला होता, पोटात रक्त साठत होतं. मॅडम धावल्या, स्ट्रेचर धावलं, बाई थेट ऑपरेशनला गेली. जाता जाता सिस्टर माझ्याजवळ क्षणभर थांबली.

"ब्रदर, तुम सुसरे का बीपी देखते बैठे. पेशंट नीचे थी."

मी म्हाताऱ्याकडं वळलो. बाबा, सुनेला घेऊन आलो हे आधी सांगायचं नाही का?

"तुम्ही कुठं विचारलं?" तो वायरींसकट उठून बसला. "हात धरला आन् पट्टा बांधला. म्हटलं, हितली रीत असंल, आधी घरच्या कर्त्या माणसाला बघायचं, मग बाकीच्यांला."

आणि ती वर का बसली नाही?

"सासऱ्याम्होरं खुर्चीत? तिला काय घरात राह्यचं नाय व्हय?" मग पडलेल्या आवाजात त्यानं विचारलं, "वाचंल ना हो लेकरू?"

वाचली. संध्याकाळी शुद्धीवर आली. मॅडम म्हणाल्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं. मला आनंद झाला, खरोखर झाला. फक्त तो सिस्टरच्या हातून झाला नसता तर पूर्ण झाला असता. आणि म्हाताऱ्याचं बीपी वाढलेलं होतं, हे मी आजही कुणासमोर सांगायला तयार आहे.

नव्या कॅज्युअल्टीची इनचार्ज ती झाली. मी पेढे वाटले. लोक म्हणाले, केवढं मोठं मन. मन कसलं, पेढे वाटताना तोंडात एक ठेवता येतो आणि मग काही बोलावं लागत नाही. तिनं नव्या जागेत भिंतीकडेनं गुडघ्याच्याही खाली येईल असा कट्टा बांधून घेतला, म्हणजे खाली बसणारा माणूस आणि त्याला तपासणारा दोघंही त्यावर एका पातळीवर बसतात. बायकांसाठी पडद्याआड जागा केली, तिथं सासरा-नवरा कुणी नाही. माझ्या खुर्च्या नातेवाइकांना दिल्या. आणि मला दारात उभं केलं. काम एकच, कुणी आत आलं की मराठीत, दखनीत आणि तांड्याच्या बोलीत मोठ्यानं विचारायचं, 'दुखतंय कुणाला?' मग ज्याला दुखतंय त्याच्याकडून उत्तर येईपर्यंत दुसऱ्या कुणाचंही ऐकायचं नाही. तिसऱ्या बोलीतलं वाक्य मी तिच्याकडूनच शिकलो. ती शिकवताना हसत होती. मीही हसलो, दात आवळून.

पुढच्या उन्हाळ्यात तो म्हातारा परत आला. दारात मला बघताच ओळखलं, आणि मी त्याच्यासाठी आवाज लावायच्या आतच म्हणाला, "काय दुखत नाय. बीपी बघा, तुमच्याच हातानं." अख्ख्या जिल्ह्यात मला शोधत आलेला तो एक माणूस. मी त्याला कट्ट्यावर बसवलं, पट्टा बांधला, सावकाश पारा उतरवला. तेवढ्या वेळात त्यानं पिशवीतून एक डबा काढला. आत बाजरीच्या चार भाकरी, वर हिरव्या मिरचीचा ठेचा, कडेला कांदा. नुसत्या वासानं पाच खाटा उठून बसल्या. मी हात पुढं केला.

"त्या खाली बसणाऱ्या ताईला द्या," तो म्हणाला. "सुनेनं पाठवलंय."

मी डबा नेऊन दिला. सिस्टरनं उघडून बघितलं आणि म्हणाली, ब्रदर, एवढा मोठा डबा, एकच भाकरी? मी म्हणालो, दुष्काळ आहे सिस्टर, गावाकडं हल्ली सगळंच आटलंय.