दुसरा आवाज

बस स्थानकावरचे ड्रायव्हर-कंडक्टर तिला माइकबाई म्हणत. उमेदीची सगळी वर्षं तिनं काचेच्या खोलीत बसून गाड्या सोडण्यात घालवली. आवाज असा स्वच्छ, की दोन तास रखडलेली गाडीसुद्धा तिच्या तोंडून वेळेवर आल्यासारखी वाटे. लोक गाडीवर चिडत, आगारावर चिडत, पण माइकबाईवर कधी कुणी चिडलं नाही.

हा आवाज काही ती जन्माला घेऊन आली नव्हती. ती डोंगरापलीकडच्या खेड्यातली. तिकडची बोली वेगळी, लांबण लावणारी, शेवटी हेल काढणारी. नोकरीच्या पहिल्या दिवशी तिनं माइक हातात घेतला आणि फलाटावरची माणसं खोखो हसली. साहेबांनी तोंड वाकडं केलं. झालं, बाईनं कानाला खडा लावला. पुढे लग्न, संसार, मुलाला वाढवणं, सगळं माइकच्या भाषेत. बोली उरली ती थोरल्या बहिणीशी फोनवर बोलण्यापुरती, आणि तीही दार लोटून घेऊन.

मग थोरलीचा नवरा गेला. मूलबाळ नव्हतंच. दिरानं घराचा ताबा घेतला आणि थोरली एक पिशवी घेऊन धाकटीच्या दारात उभी राहिली. म्हणाली, चार दिवस राहते. आता असल्या वेळचे चार दिवस म्हणजे किती, हे का कुणाला समजत नाही? घरात सगळ्यांना समजलं होतं. थोरली एका शब्दाची वाट बघत होती. धाकटीनं नुसतं ‘राहा’ म्हणायचं होतं.

सून काही वाईट नव्हती हो. फक्त एकदा म्हणाली, पाहुणे आले की मावशींनी आत बसलेलं बरं, त्यांचं बोलणं लोकांना कळत नाही आणि मग उगाच हसू होतं. मुलानं मोबाइलमध्ये डोकं घातलं. माइकबाईनं पोळ्या लाटायला घेतल्या. जिच्या जिभेला गावात लगाम नव्हता ती थोरली तेव्हापासून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गप्प बसायला शिकली. धाकटीच्या ओठावर तो एक शब्द काही येत नव्हता.

त्यांच्या वरच्या मजल्यावर कॉलेजातल्या एक प्राध्यापिका राहायच्या. पूर्वी कधीतरी जिन्यातून जाताना त्यांनी लोटलेल्या दाराआडून माइकबाईचं थोरलीशी फोनवरचं बोलणं ऐकलं आणि त्यांचे डोळे चमकले. त्यांचा अभ्यासच तो होता, माणूस कसा बोलतो यावरून लोक त्याची किंमत कशी करतात. त्यांनी माइकबाईकडून एकच मजकूर दोनदा बोलून घेतला, एकदा माइकच्या भाषेत, एकदा गावाकडच्या. दवाखान्याचा रस्ता विचारणारी बाई, एवढाच मजकूर. अट एकच, परिषद होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. ऐकणाऱ्यांना या दोन वेगळ्या बायका वाटल्या पाहिजेत. माइकबाई हरखून गेली. आपल्या त्या बोलीचा कुणाला काही उपयोग असेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

परिषदेचं आमंत्रण दोन माणसांचं होतं, माइकबाई आणि बरोबर कुणीतरी एक. नेमकी त्याच दिवशी सुनेच्या माहेरची माणसं जेवायला यायची होती. सून काही बोलली नाही, पण माइकबाईनं आपणहून थोरलीला बरोबर घेतलं. थोरलीला वाटलं, बहीण कौतुकानं नेतेय. तिनं ठेवणीतले कपडे काढले.

कॉलेजच्या सभागृहात दारापाशी दोघींच्या गळ्यात नावाचे पट्टे अडकवले. थोरलीचा पट्टा कोरा होता. ती तो पुन्हा पुन्हा सरळ करत होती. दोघी शेवटच्या रांगेत बसल्या. एकामागून एक विद्वान उठत होते आणि समाज, वृत्ती, प्रतिष्ठा असे भारी भारी शब्द टाकून खाली बसत होते. थोरलीला दोनदा डुलकी लागली. पुढच्या रांगेतल्या एका प्राध्यापकांनाही लागली, तेव्हा त्यात काही कमीपणा नव्हता.

मग वरच्या मजल्यावरच्या बाई उठल्या. म्हणाल्या, मी दोन बायकांचे आवाज ऐकवते. प्रत्येक आवाजानंतर एक प्रश्न विचारीन. फार विचार न करता हात वर करायचे.

पहिला आवाज लागला. स्थानकावरचा, घासूनपुसून लख्ख केलेला. बाईंनी विचारलं, “ही बाई तुमच्या घरी राहायला आली, तर ठेवून घ्याल?” हातांचं रान उगवलं. माइकबाईचाही हात वर गेला. सवयीनं गेला म्हणा.

दुसरा आवाज लागला. थोरली खाडकन जागी झाली. तिनं धाकटीकडे बघितलं, मग भिंतीवरच्या स्पीकरकडे, आणि तिचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांनी तिच्या कानावर घरचं बोलणं पडत होतं. सभागृहात कुठेतरी कुणी फिसकन हसलं. बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

हात वर गेले नाहीत. ज्यांना कळत होतं की ही परीक्षा आपलीच आहे, तेसुद्धा शेजाऱ्याकडे बघत राहिले. फक्त शेवटच्या रांगेत थोरलीनं हात वर केला, चांगला उंच, वर्गात उत्तर येणाऱ्या पोरीसारखा. रांगारांगांतून माना वळल्या. माइकबाईनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते. थोरलीनं एकदा त्या हातांकडे बघितलं, आणि आपला हात सावकाश खाली घेतला.

त्यानंतर बाईंनी गुपित फोडलं. दोन्ही आवाज एकाच बाईचे आहेत आणि ती आज इथंच बसली आहे! माइकबाईला उभं केलं, फुलांचा गुच्छ दिला, टाळ्यांचा कडकडाट झाला. थोरलीनंही टाळ्या वाजवल्या. माइकबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येताना अर्धा रस्ता सरला. शेवटी माइकबाईच बोलली. “मला बाईंनी सांगितलं होतं गं ताई, हात वर करायचा नाही म्हणून. आवाज माझाच होता ना.”

थोरली चालता चालता थांबली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती मऊ आवाजात म्हणाली, “पहिल्याला केलास की.”

घरी जाऊन तिनं पिशवी भरली. सून खरोखरच हळहळली, मावशी, आणखी राहायचं होतं, म्हणाली. थोरली म्हणाली, चार दिवस म्हटलं होतं, झाले. तिकडे दिराच्या घरात तिच्या वाट्याला काय येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. माइकबाईला तर पुरतं ठाऊक होतं. रात्रभर ती शब्दांची जुळवाजुळव करत राहिली, आणि सकाळी तिची पाळी होती म्हणून कामावर गेली.

गाडी फलाटावर लागली. काचेतून तिला थोरली दिसत होती, खिडकीशी, पिशवी मांडीवर घेतलेली. माइक समोर होता. बटण दाबायचं आणि त्यांच्या बोलीत म्हणायचं, ताई, उतर, घरी चल. सगळं स्थानक हसलं असतं. हसेना का! एवढी वर्षं ज्यांच्या गाड्या सोडल्या त्यांचं ती काही देणं लागत नव्हती. माइकबाईनं बटण दाबलं. आणि तोंडातून बाहेर पडलं ते स्वच्छ, लख्ख, एक अक्षर इकडचं तिकडे न झालेलं, “फलाट क्रमांक तीनवरची गाडी सुटत आहे. प्रवाशांनी आपापल्या जागी बसून घ्यावं.”

ड्रायव्हरनं गाडी चालू केली. वरच्या स्पीकरकडे बघत थोरलीनं खिडकीतून निरोपाचा हात वर केला. माइकबाईचा हात अजून बटणावरच होता.