शेवटची पेटी गेल्यावर

दोन हजार दोन-तीन सालची गोष्ट. आंब्याच्या हंगामात पडवीभर पेट्या आणि गड्यांची जेवणं करून मी पार मेटाकुटीला आले होते. अशात पेपरात लक्षद्वीपच्या रिसॉर्टची जाहिरात दिसली. निर्जन बेट, म्हणजे कुणी चहा मागणार नाही!

सासूबाई म्हणाल्या, “माड नि समुद्र बघायला रत्नागिरीहून कोण जातं गो?”

यजमान म्हणाले, “शेवटची पेटी जाऊ दे, मग जाऊ.”

मी बावळट, नवे ड्रेससुद्धा शिवून घेतले. जूनमध्ये शेवटची पेटी गेली आणि मी फोन लावला.

“मॅडम, पावसाळ्यात बोटी बंद. पुढे मार्चपर्यंत बुकिंग फुल्ल आहे. एप्रिल-मेमध्ये या.”

एप्रिल-मे! मी पेंढ्यावर बसून ढसाढसा रडले. खलाशाची लेक मी, आणि पावसात बोटी बंद असतात हे मला फोनवरच्या पोरीने सांगावं!