करडं भूत कुणापासून पळालं

फेरेल हचिन्सला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. गिरणीत माग दुरुस्त करायचं काम मिळालं म्हणून निभावलं. तिथं या मागाकडून त्या मागाकडे दिवसभर पळावंच लागतं. पण घरी जेवताना, चर्चमध्ये प्रवचन चालू असताना, त्याचा एक गुडघा सारखा हलत असायचा. "बूड टेक रे जरा," असं त्याची बायको नेल्डा लग्न झाल्यापासून म्हणत आली होती. फक्त शनिवारी दुपारी टीव्हीवर जुन्या कुस्तीची टेप लागली, की तो गुडघा थांबायचा.

जुनी म्हणजे कुठली, तर कुस्तीचे ठेकेदार आपापला मुलूख वाटून घेऊन बसले होते त्या काळातली. दोन्ही कॅरोलायना राज्यं एकाची, टेनेसी दुसऱ्याची. पैलवान जुनाट मोटारींत कोंबून गावोगाव हिंडायचे आणि ठरल्या वारी ठरल्या गावात झुंजायचे. ते सगळं मोडून बरीच वर्षं झाली होती. फेरेल त्या काळच्या टेपा टपालानं मागवायचा, दोन-दोनदा बघायचा आणि त्यांच्यावर लिहायचा. चार पानांचं त्याचं पत्रक झेरॉक्स होऊन पाच-सात राज्यांतल्या त्याच्यासारख्याच वेड्यांकडे जायचं. कोण डाव कसा टाकतो, कोण मार खाण्याचं सोंग मनापासून करतो, कोण अंगचोर आहे, हे तो सडेतोड लिहायचा आणि प्रत्येक कुस्तीला पाचातले तारे द्यायचा. ह्या कुस्त्या नुरा असतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "निकाल ठरलेला असतो, आपटणं खरं असतं," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

बघायला सोबत असायचा थॅडियस मॅब्री, त्याच गिरणीतल्या पिंजण खात्यातला. काळ्या माणसांना गिरणीत घ्यायला लागले त्या पहिल्या तुकडीतला. एकदा जेवणाच्या सुट्टीत दोघांचं एका जुन्या पैलवानावरून कडाक्याचं भांडण झालं आणि त्यातून मैत्री जमली. थॅड उकडलेल्या शेंगांची पिशवी घेऊन यायचा, आरामखुर्चीत पसरायचा आणि शेरे मारायचा. "हा पडतोय बघ कसा! गादीवर झोपायला निघालेला जावई जसा." फेरेल ते जसंच्या तसं पत्रकात छापायचा.

एका नावावर मात्र थॅड कधीच काही बोलत नसे. ते नाव म्हणजे करडं भूत.

फेरेल चौदा वर्षांचा असताना हे भूत त्यांच्या गावात दर सोमवारी झुंजायला येई. डोक्यापासून पायापर्यंत करडा पोशाख, मुखवटा, हातमोजे, डोळ्यांवर जाळी. तसूभर कातडी दिसायची नाही. पोरं त्याच्यावर जीव टाकायची. मग पोस्टरं लागली: पुढच्या सोमवारी बुल रॅडनरशी मुकाबला, भूत हरलं तर भर रिंगणात मुखवटा उतरवणार. फेरेलच्या बापानं कधी नव्हे ते पहिल्या रांगेची तिकिटं काढली. हॉल खच्चून भरला. आणि भूत आलंच नाही. रॅडनरनं रिंगणात एकट्यानं शड्डू ठोकले, लोकांनी बाटल्या फेकल्या, बाप म्हणाला, "बघ तुझा देव. शेपूट घालून पळाला." भूत त्या मुलखात पुन्हा कुणाला दिसलं नाही.

मोठेपणी फेरेलनं दुसऱ्या कुणावर काढला नाही इतका राग त्याच्यावर काढला. विषय निघाला की पत्रकात एकच शब्द: पळपुटा.

एका वर्षी मार्चमध्ये जॉर्जियातल्या एका वर्गणीदारानं टेप पाठवली. कुणीतरी हौसेनं पहिल्या रांगेतून कॅमेऱ्यावर काढलेली, मुकी, काळी-पांढरी फिल्म त्यानं टेपवर उतरवून घेतली होती. गाव फेरेलचंच, हॉल तोच. करडं भूत विरुद्ध बुल रॅडनर, पोस्टरं लागायच्या आधीची कुस्ती.

फेरेलनं ती लावली आणि पुढं सरकून बसला. पाचच मिनिटांत त्याला कळून चुकलं, की हे काम अव्वल आहे. भूत रॅडनरसारख्या रेड्याला लहान मुलासारखं फिरवत होतं. प्रत्येक मार अंगभर खात होतं, आणि तरी रॅडनरला कुठं खरचटू देत नव्हतं. शेवटी त्यानं रॅडनरला चितपट केलं, उठलं, आणि पहिल्या रांगेतली माणसं हात पुढं करत असताना त्यांच्याकडे न बघता मान वर केली. हातमोजा घातलेली मूठ छातीवर दोनदा आपटली. फिल्म संपली.

फेरेलनं टेप मागं घेतली. पुन्हा लावली. पुन्हा मागं घेतली.

"कुणाकडे बघतोय हा? वर काय आहे? वर तर फक्त गॅलरी..." तो थांबला. "वर कोण बसायचं रे?"

थॅड उठून उभा राहिला होता. शेंगांची टरफलं तशीच मांडीवरून खाली सांडली.

"आम्ही," तो म्हणाला. "येतो मी."

"अरे, थांब! तुला काहीतरी माहीत आहे."

"मला घरी काम आहे, एवढं माहीत आहे."

तो गेला. फेरेलचा गुडघा असा सुरू झाला की थांबेना. आठवडाभर त्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं. गिरणीत त्यानं चालू मागात हात घातला आणि बोटं थोडक्यात वाचली. जेवताना उठून तो अंगणात जाई, अंगणातून गाडीत बसे, हॉलपर्यंत जाऊन परत येई. हॉलमध्ये आता टायरांचं गोदाम होतं. गिरणीत थॅड त्याला टाळत होता. शेवटी रविवारी, थॅडचं चर्च सुटायच्या वेळेला, फेरेल त्याच्या घरासमोर गाडी लावून उभा राहिला.

थॅड रविवारच्या सुटात आला, त्याला बघून सुस्कारा टाकला. "तू हे सोडणार नाहीस."

"नाही."

"मग बस. फेऱ्या मारू नकोस, माझं डोकं फिरतं."

फेरेल व्हरांड्याच्या पायरीवर बसला.

"बर्फाच्या कारखान्यातला लीमन गॅड्सन आठवतो?" थॅड म्हणाला.

फेरेलला आठवायला क्षणभर लागला. गिरणीच्या दुकानात बर्फाच्या लाद्या टाकणारा उंच काळा माणूस. डाव्या खांद्यावर पोतं, त्यावर लादी. उन्हाळ्यात पोरांना बर्फाचे तुकडे द्यायचा. फेरेलनंही खाल्ले होते.

"अनेक वर्षं लादी वाहून तो डावीकडे कलून चालायचा," थॅड म्हणाला. "भूत पहिल्या सोमवारी पडद्यामागून बाहेर आलं, चार पावलं चाललं, आणि माझ्या मावशीनं माझं मनगट असं दाबलं की वळ उठला. आम्हा काळ्यांना वरच बसवायचे, त्या अख्ख्या गॅलरीनं ओळखलं. कुणी हूं की चूं केलं नाही."

फेरेल उठला, पुन्हा बसला. "काळ्या माणसानं गोऱ्याशी कुस्ती खेळायची नाही असा तेव्हा..."

"मला सांगतोस?"

"आणि तुम्ही सगळे गप्प? पोरंसुद्धा?"

"पोरं तर जास्तच. बोललो असतो तर त्याचा जीव गेला असता, हे आम्हाला शिकवावं लागलं नव्हतं. ठेकेदाराला ठाऊक होतं, रॅडनरला ठाऊक होतं. पण ठेकेदारानं नवा भागीदार घेतला. त्या शहाण्याला वाटलं, मुखवटा उतरवायची कुस्ती लावली की हॉल फुटेल. कुणालाच न विचारता पोस्टरं लावली. लीमननं ती बर्फाच्या गाडीतून जाताना वाचली." थॅडनं टाय सैल केला. "तू होतास ना त्या सोमवारी? बाटल्या कशा उडत होत्या ते बघितलंस. ते नुसतं तो आला नाही म्हणून. मुखवट्याखालून लीमनचं तोंड निघालं असतं तर काय झालं असतं, कर विचार. आणि आम्हाला वरून उतरायला जिना एकच होता, तोही तुमच्या दारासमोर उघडणारा."

फेरेल पायरीवरून उठला. "मी इतकी वर्षं त्याला पळपुटा म्हणत आलो. तू शेजारी बसून शेंगा सोलत होतास!"

"आणि दर वेळी वाटायचं, हा टीव्ही उचलून तुझ्या टाळक्यात घालावा."

"मग घातला का नाहीस?"

"टीव्ही चांगला होता," थॅड म्हणाला. दोघंही हसले नाहीत.

फेरेल म्हणाला, "मी आजच लिहितो सगळं."

"काही लिहायचं नाही! ही गोष्ट तुझी नाही, माझीही नाही. त्याची मुलगी परत येऊन राहिलीय इथं. अर्नेस्टीन. तिला विचारल्याशिवाय एक अक्षर लिहिलंस, तर माझ्या दारात पाय ठेवू नकोस."

अर्नेस्टीनचं केस करायचं दुकान होतं. सोमवारी ते बंद असे, तेव्हा दोघं टेप घेऊन गेले. ती पन्नाशीची, अंगानं भरलेली, बापासारखीच उंच. तिनं थॅडला खुर्ची दिली, फेरेलला उभंच ठेवलं.

"मिस अर्नेस्टीन, हा फेरेल. मी बोललो होतो तो," थॅड म्हणाला.

"माहीत आहे. मिस्टर हचिन्स, लावा."

बापाला भूत होऊन झुंजताना तिनं कधी बघितलं नव्हतं. आई तिला हॉलच्या आसपास फिरकू देत नसे. दुकानातल्या छोट्या टीव्हीवर भूत पडद्यामागून आलं आणि डावीकडे कलून चाललं. अर्नेस्टीननं तोंडावर हात ठेवला आणि तो शेवटपर्यंत काढला नाही. फेरेलला तिथं उभं राहवेना. तो शॅम्पूच्या बाटल्यांची लेबलं वाचू लागला, मग भीती वाटली की बाटली पडेल, म्हणून हात खिशात घातले.

मध्येच ती ओरडली, "थांबवा! मागं घ्या. इथं! दोरावरून पडला बघा. उठताना उजवा गुडघा धरतोय." ती थॅडकडे वळली. "मला म्हणाला, मालगाडीतून लादी उतरवताना पडलो. त्या गुडघ्याला आम्ही महिनाभर एरंडेल चोळत होतो!"

फेरेलच्या तोंडून निघून गेलं, "मला वाटलं सोंग आहे. फार सुरेख सोंग, असं टिपलंही होतं मी."

तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. "आणखी काय टिपलंय तुम्ही माझ्या बापाबद्दल?"

थॅड जमिनीकडे बघत राहिला. फेरेलला वाटलं, दार उघडून सरळ गाडीत बसावं.

"पळपुटा म्हटलंय, बाई," तो म्हणाला. "पुष्कळदा."



"मग खरंच आहे ते," अर्नेस्टीन म्हणाली. "पळालाच तो. पोस्टर वाचलं, गाडी कारखान्यात लावली आणि रात्रीच्या आत ओहायोची वाट धरली. तिकडे उघड्या तोंडानं, स्वतःच्या नावानं झुंजला, पोलादाच्या भट्टीवर राबला, आम्हाला बोलावून घेतलं. अंथरुणात मेला, नातवंडं बघून. पळाला म्हणून जगला. त्यात लाज कसली?" ती उठली, टीव्हीतून टेप काढली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. "लिहा तुम्ही. पळाला असंच लिहा. पण कुणापासून पळाला, तेही लिहा."

हे लिहिणं फेरेलला भलतंच जड गेलं. डावांवर तो घटकेत लिहून मोकळा झाला. अडला तो शेवटच्या परिच्छेदाशी. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचा, उठायचा, कागद चुरगाळायचा. 'त्या काळच्या परिस्थितीपासून', 'काही अविचारी लोकांपासून', असं काहीबाही लिहून झालं. नेल्डा भांडी विसळत होती. तिनं एक बोळा उचलून वाचला.

"परिस्थितीनं तिकीट काढलं होतं होय?" ती म्हणाली. "तुझा बाप बसला होता तिथं. माझा मामा होता. नावं माहीत असून कशाला लपवतोस?"

मग त्यानं सरळ लिहिलं. लीमन गॅड्सन पहिल्या रांगेपासून पळाला. पहिल्या रांगेत माझा बाप होता, आणि त्याच्या शेजारी मी.

शनिवारी थॅडनं मसुदा वाचला आणि तारे बघून तो भडकला. "चार? पाचातले चार?"

"मधे कोपऱ्यातला एक डाव फसलाय. तूही बघितलास."

"अरे, गुडघा मोडलेला होता त्याचा!"

"म्हणून चार. धडधाकट माणसाचा तो डाव फसला असता तर साडेतीन दिले असते."

"दगड आहेस लेका तू," थॅड म्हणाला. पण फेरेलनं तारा वाढवला असता तर त्याला ते आवडलं नसतं, हे दोघांनाही कळत होतं.

पत्रक गेलं. काही वर्गणीदार तुटले. टेनेसीतल्या एकानं फोनवर आईमाईवरून शिव्या घातल्या, तर गिरणीतल्या एका जुन्या मुकादमानं फेरेलशी बोलणं टाकलं. अर्नेस्टीननं पत्रकाच्या गठ्ठाभर प्रती मागवून घेतल्या आणि चर्चमध्ये वाटल्या. दुकानाच्या दाराशी तिनं फेरेलला गाठलं. "बाकी ठीक लिहिलंय," ती म्हणाली. "एक तारा कुठं सांडलात तेवढं सांगा." फेरेलनं कोपऱ्यातला डाव समजावून सांगायला सुरुवात केली. तिनं ऐकून घेतलं, मुळीच मान्य केलं नाही आणि टेपही परत दिली नाही.

फेरेलला स्वस्थता काही लाभली नाही. उलट आता दुसऱ्या टेपा बघतानाही गुडघा हलायचा. पडद्यावर दोघं झुंजत असायचे आणि त्याची नजर वरच्या कडेला, जिथं कॅमेरा कधी वळला नाही त्या अंधाराकडे जायची. मग तो टेप थांबवून विचारायचा, "थॅड, ही कुस्ती तू बघितलीस का रे? वरून कशी दिसली?"

कधी थॅड सांगायचा, तासभर, हातवारे करून. कधी शेंग फोडत नुसतं म्हणायचा, "चालू कर ती." फेरेल चालू करायचा.