आक्काचा झाकलेला चहा

कैलास दारात आला तेव्हा मी चहा गाळत होते. आक्काचा हा मुलगा चपला काढल्याशिवाय आमच्या घरात कधी पाऊल टाकत नाही. त्या सकाळी तो चपलांसकट थेट ओट्यापर्यंत आला. "काकू, आई गेली," एवढंच म्हणाला. माझ्या मनात पहिला विचार आला तो तिच्या अन्ननळीचा. परत आलं असणार ते. इतकी वर्षं दबा धरून बसलं होतं आणि शेवटी त्यानंच तिला नेलं... पण तसं नव्हतं. झोपेतच तिचं हृदय बंद पडलं होतं. डॉक्टरांनी येऊन सांगितलं, कैलासनं सगळ्यांना सांगितलं, तरी दुखवट्याला आलेल्या बायका दारातच कुजबुजत होत्या, "दुर्बीण घालून कुठं कॅन्सर जातो का? आतल्या आत खाल्लं तिला." मी तिथंच बसले होते आणि गप्प राहिले. चार माणसांत बोलायला माझी जीभ उचलत नाही. म्हणून दुपारी घरात कोणी नसताना लिहायला बसले आहे. लिहायला आणखी एक कारण आहे, तेही सांगते, पण थोडं थांबून.

आक्का माझी मोठी जाऊ. मी चौथी शिकलेली, ती तेवढीही नाही. लग्न होऊन विंचूरला आले तेव्हा तिनंच मला कांद्याच्या खळ्यावर नेलं. व्यापाऱ्याच्या खळ्यात आम्ही पन्नासएक बाया ढिगाभोवती बसून कांदा निवडायचो, मोठा वेगळा, बारीक गोल्टी वेगळी, सडका बाजूला. चहाची सुट्टी म्हणजे नावाला सुट्टी. पातेलं चुलीवरून उतरतं न उतरतं तोच मुकादम हाका मारायचा. फुंकत बसणारीचा चहा ग्लासातच राहायचा. आक्का उकळता चहा दोन घोटांत संपवायची आणि माझ्याकडं बघून हसायची. "शांते, चहा पितीस का त्याला वारा घालतीस?" हळूहळू मीही तशीच प्यायला शिकले. मग घरीही दुसऱ्या चहाला चव लागेना. आणि मिशरी तर होतीच. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची काळी पूड, दोघींची एकच डबी. रोज सकाळी मागच्या पायरीवर बसून दातांना लावायची आणि घरातल्या सगळ्यांबद्दल बोलून घ्यायचं. बोलायची ती, मी मान हलवायची. "तोंड दिलंय देवानं," ती म्हणायची, "ते काय नुसतं मिशरी लावायला नाय."

मग एका हिवाळ्यात तिला चहा झोंबायला लागला. छातीच्या मधोमध जळायचं. भाकरीचा घास पाण्याशिवाय खाली जाईना. तिला वाटलं पित्त आहे. कैलासनं ऐकलं नाही, नाशिकला नेलं, सोबत मला घेतलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी दुर्बिणीनं तपासलं आणि आम्हाला आत बोलावून पडद्यावर चित्र दाखवलं. ओली, गुलाबी नळी. तिच्यावर त्यांनी कसलंसं औषध फवारलं होतं, त्यानं सगळी नळी तपकिरी झाली होती. फक्त एका जागी, जुन्या पावलीएवढ्या जागी, रंग चढलाच नव्हता. डॉक्टर म्हणाले, "जिथं रंग धरला नाही, तिथं खराबी आहे." त्या फिक्या ठिपक्याची मला अजून भीती वाटते. नंतर तुकडा तपासून आला आणि त्यांनी तो शब्द उच्चारला. डॉक्टर समजावत राहिले... अजून वरच्याच थरात आहे, खाली उतरलेलं नाही, छाती उघडायची गरज नाही. त्याच दुर्बिणीतून त्या जागेखाली पाणी टोचून ती फुगवायची आणि वरचा थर कडेनं कापून अलगद सोलून काढायचा. भोक पडायचा, रक्त यायचा धोका असतो, तेही सांगितलं. मला फक्त भोक तेवढं ऐकू आलं. आक्का मात्र म्हणाली, "म्हंजे वरचा पापुद्रा काढायचा, कांदा राहू द्यायचा. तेवढं तर आमी रोज करतो." डॉक्टर हसले. बाहेर आल्यावर तिनं माझा हात धरला तेव्हा तिची बोटं बर्फासारखी होती.

ठरल्या दिवशी आम्ही अंधारातच निघालो. पोटात काही नको, पाणीसुद्धा नको, असं बजावलेलं होतं. आक्कानं चहाकडं बघितलंही नाही. टेबलावर घ्यायच्या आधी नर्सनं विचारलं, "आजी, सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं?"

"नाय बाई, थेंब नाय."

"मग हिरड्या काळ्या कशानं?"

"ती मिशरी हाय. ती काय खाणं थोडीच?"

नर्स डॉक्टरांकडं गेली आणि त्यांनी आम्हाला परत पाठवलं. तंबाखूची लाळ पोटात गेली आहे, गुंगी देताना ती श्वासनळीत उतरू शकते, म्हणाले. नेहमीसारखी आम्ही दोघींनी पायरीवर बसून लावली होती. मिशरी म्हणजे काही घेणं आहे, हे दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं. गाडीत मला रडू फुटलं. तारीख पुढं गेली, तोवर ते खाली उतरलं तर? आक्का खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "एवढी वर्षं गिळली, कुणी हटकलं नाय. आज पहिल्यांदा हटकलं." घरी आल्यावर तिनं डबी माझ्या हातात दिली. "तूच ठेव. मला दिसली तर मी खाईन."

पुढच्या खेपेला झालं. दुपारपर्यंत आम्ही बाकावर बसून होतो. दार उघडलं की मी उठून उभी राहायची. शेवटी डॉक्टर बाहेर आले आणि सगळं निघालं म्हणाले. काढलेला थर तपासायला गेला, त्याच्या कडा चांगल्या निघाल्या, म्हणजे आत काही उरलं नव्हतं. तेव्हा कुठं आम्हाला घास गेला. घरी बायका बघायला आल्या, म्हणाल्या, टाके कुठं? टाके नाहीत तर ऑपरेशन कसलं? आक्कानं भला मोठा जबडा उघडला. "ये, उतर आत, बघून ये!"

नंतर ती नेमानं तपासणीला जायची. दर वेळी मीच सोबत, दर वेळी पडद्यावर सगळी नळी तपकिरी, कुठं फिका ठिपका नाही. मिशरी पुन्हा शिवली नाही. चहा सोडवला नाही, पण डॉक्टरांनी कढत पिऊ नका म्हणून बजावलं होतं, तेव्हा कप भरला की त्यावर बशी झाकून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायची. भांडी लावायची, तुळशीला पाणी घालायची, मग येऊन करंगळी बुडवून बघायची. "निवला बया," म्हणायची आणि ज्याच्यावर साय धरली आहे असा चहा सावकाश प्यायची. नातवंडं, लेकीचं बाळंतपण, नव्या घराची वास्तुशांत, सगळं तिनं त्यानंतर बघितलं. ज्यांना वाटतं की दुर्बिणीनं काही होत नाही, त्यांनी ही वर्षं कुणी दिली ते सांगावं.

आता ते दुसरं कारण. गेल्या काही दिवसांपासून मलाही भाकरी अडते. छातीच्या मधोमध, तिला अडायची तिथंच. मी मिशरी सोडली नव्हती, चहाही तसाच उकळता. कुणाला सांगितलं नाही. रोज घास पाण्यानं उतरवायचा आणि मनात म्हणायचं, पित्त असेल... बायकांचं बोलणं ऐकलं की बरंही वाटायचं, कारण दुर्बिणीनं काही होतच नसेल तर जायला नको. तेराव्याच्या जेवणाला कैलास समोर बसला होता. मी प्रत्येक घासाला तांब्या उचलत होते. त्याचा हात थांबला.

"काकू, कधीपासून?"

मी मान हलवली, नेहमीसारखी.

"आईनं पण अशीच मान हलवली होती," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. मग मी बोलले. सगळ्या पंगतीसमोर, मोठ्यानं बोलले. "अडतंय रे. लय भ्या वाटतंय."

उद्या नाशिकला जायचं आहे. पोटात काही नको, पाणी नको. ठिपका दिसेल का, आणि दिसला तर केवढा, याशिवाय मनात काही येत नाही. आक्का असती तर बाकावर बसली असती. आज सकाळी तिच्या घरी गेले. तिच्या सुनेनं हाताच्या सवयीनं एक कप भरून खिडकीत ठेवला होता, वर बशी. तिच्या ध्यानात आलं तशी ती पदर तोंडाला लावून आत गेली. मी कप उचलला, करंगळी बुडवून बघितली. चहा निवलेला होता. तो मी उभ्यानंच प्यायले, घोट घोट करत. मग कमरेची मिशरीची डबी काढून खिडकीत ठेवली आणि तिच्यावर आक्काची बशी झाकली.